शेवटच्या दारापाशी

आमच्या नल्लकुंट्याच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आज त्यांच्या घरी गेलो असताना त्यांचा चालू कॉम्प्युटर मी बंद केला. मॉनिटर काळा होता, सीपीयूचा पंखा घरघरत होता; वीज वाया जाते म्हणून बटण दाबलं.

त्यांचा खेळ इतका जुना, की त्यात डाव साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून काका डाव थांबवतात, मॉनिटर तेवढा मालवतात आणि जेवायला जातात. सुरू करताना सीपीयूच्या डब्यावर थाप मारून "चलो मियाँ" म्हणतात. पडद्यावरच्या शिपायाने खड्ड्यावरून उडी मारली, की खुर्चीत तेही उचलले जातात. आज शिपाई पहिल्यांदाच किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी पोचला होता.

काका हात पुसत आले. घरघर ऐकू येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौ, होतं असं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या खड्ड्यापाशी जाऊन बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी पुटपुटलो, "काका, सॉफ्टवेअर कंपनीत आहे मी, मला कळायला हवं होतं."

काकू ताटं उचलत म्हणाल्या, "तिथं तुला कॉम्प्युटरला हात लावू देतात का रे?"