दौलतभाऊंनी अंगावर घेतलेली चूक

दौलतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या स्लॅबवर उभी होते. अंगणवाडी सेविका कुंदाताई बोलत होत्या. "मॅडम, आपले दौलतभाऊ गेले... झोपीतच." एप्रिलचं ऊन, चपलेतूनही पाय भाजत होते. मी खाली उतरले आणि पायरीवर बसून रडले. त्याला आता महिना झाला.

मी बांधकाम खात्यातली अभियंता. नागभीडकडच्या त्यांच्या गावात अंगणवाडीवर टिनाचं छप्पर होतं. उन्हाळ्यात सकाळी दहालाच पोरं रडायला लागत, मग कुंदाताई त्यांना झाडाखाली नेऊन बसवत. मी मोठ्या उत्साहानं स्लॅबचा प्रस्ताव घेऊन गेले. गावचे मिस्त्री दौलतभाऊ यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "स्लॅबनं पाणी थांबन, मॅडम. ऊन नाई थांबत. बांबूवर कवेलू टाका, भिंतीले माती लिपा."

मातीची कौलं आणि मातीच्या भिंती, पटलं मला. पण अंदाजपत्रकाच्या छापील नमुन्यात मातीच्या भिंतीला रकानाच नाही. साहेब हसले, "दुनिया पुढे चालली आणि तुम्ही मागे?" गावालाही स्लॅबच हवा होता, शेजारच्या गावाला पक्कं आणि आम्हाला कवेलू काऊन, हा त्यांचा सवाल. मी फाइल घेऊन टेबलाटेबलांवर हिंडत होते तेव्हा दौलतभाऊ वेगळंच करत होते. भर दुपारी लोकांना आपल्या मातीच्या घरात बोलवायचं, पाणी द्यायचं आणि छपराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्या गारव्यातून लोक उठायचं नाव घेत नसत. शेवटी गाव तयार झालं, आणि बऱ्याच खेट्यांनंतर 'प्रायोगिक' म्हणून परवानगीही मिळाली.

आणि मग मी घोळ घातला. कवेलू चढले, पण माकडं ते उचकटतील या धास्तीनं मला चैन पडेना. नेमकं तेव्हाच सारं गाव मूल शहरात एका लग्नाला गेलं होतं. त्या दोन दिवसांत मी बाहेरून कामगार आणून सगळे सांधे सिमेंटनं बुजवून टाकले. परत आल्यावर दौलतभाऊंनी वर चढून सांधे बोटांनी चाचपले. "कवेलू दरसाल फेरा लागते, मॅडम. फुटलेलं काढाचं, सरकलेलं बसवाचं. तुमी तं चिकटवून टाकलं."

जुलैत बांबू फुगले, सिमेंट तडकलं आणि पाणी थेट पोरांच्या चटयांवर आलं. ग्रामसभेत लोक खवळले. "सांगत होतो ना, स्लॅब पाहिजे!" मी उठणार, तोच दौलतभाऊ उभे राहिले. "मॅडमले काऊन बोलता? सिमेट मीच लावलं. माही चूक हाये. आठ दिवसांत दुरुस्त करून देतो." मी गप्प बसले... हे लिहितानाही मान खाली जाते. नंतर त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मिस्त्रीच्या हातून चुकते, लोक विसरते. तुमची चूक कागदावर चढली असती तं कवेलूची फाइल कायमची बंद झाली असती."

त्यांनी शब्द पाळला. एकेक कवेलू खरवडून पुन्हा सुटा बसवला आणि दरवर्षी मे महिन्यात फेरायला गावातल्या चार बायांना शिकवलं. त्या एका खोलीच्या जोरावर पुढे आणखी दोन अंगणवाड्यांना परवानगी मिळाली. कागदोपत्री श्रेय माझं आहे. खरं कुणाचं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

म्हणून परवा तिथे गेले. टळटळीत दुपार होती. पोरं सारवलेल्या जमिनीवर गाढ झोपली होती, आणि वर बाया कवेलू फेरत असल्याचा खडखडाट येत होता. मी कुंदाताईंना सारं सांगून टाकलं. ते सिमेंट माझं होतं. दौलतभाऊंनी ते अंगावर घेतलं.

कुंदाताईंनी एका पोराच्या अंगावरची माशी हाकलली. "माहीत हाये, मॅडम. त्या दोन्ही दिवशी दौलतभाऊ मूलच्या पंगतीत भात वाढून राह्यले होते. सभेतला सारा गाव जेवला होता त्यांच्या हातचं."

म्हणजे त्या सभेत मी एकटीच गप्प बसले नव्हते.