गादीवरचा खळगा

भुताखेताची गोष्ट निघाली की पहिला हसणारा मीच. आमच्या बुलढाण्याच्या कचेरीत पानतंबाखूच्या वेळी कोणी ना कोणी सांगायचंच — अमुक घाटात बाई उभी असते, तमुक विहिरीतून हाक येते... मी विचारायचो, "त्या बाईचा अर्ज आलाय का? आला असेल तर फायलीला लावतो." माझं कामच नकला काढण्याचं. समोरच्या कागदावर आहे तेवढंच उतरवायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. हा मजकूरही तसाच लिहितोय. फक्त ही नक्कल काढताना मला लाज वाटते आहे.

गोष्ट मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. बाजारातून देऊळघाटच्या रस्त्याकडे जाताना एका वकिलांचं घर होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्या आणि एक ओसरी आम्ही भाड्याने घेतली होती. घरात तिघं — मी, बायको यमुना आणि माझी आत्या. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. आत्या त्याच्या आदल्याच वर्षी विधवा होऊन माहेरी, अमडापूरला, परत आली होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. तिनेच मला वाढवलं. कडेवर मी आणि डोक्यावर घागर अशा खेपा घालून घालून तिची पाठ कायमची वाकली, असं गावातले लोक सांगत. मी ते पुष्कळदा ऐकलं होतं... आणि सोडून दिलं होतं.

विधवेने गादीवर निजायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आत्या आलवण नेसायची, एक वेळ जेवायची आणि जमिनीवर घोंगडी टाकून निजायची. त्यात घरात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही. हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी माझी पाठ धरली. दिवसभर टेबलावर वाकून लिहायचं, सकाळी उठताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, जुनी गादी टाका, नीट पाहून दुसरी करा. मग मी देऊळघाटच्या कादरभाई पिंजाऱ्यांना बोलावलं. साठीचा माणूस, पांढरी दाढी, खांद्यावर कापूस पिंजायची ती मोठी धुनकी. मला सावरीच्या कापसाची गादी हवी होती. एका मालगुजाराकडे बसलो होतो तशा गादीवर, लोण्यासारखी होती.

कादरभाईंनी मान हलवली. "बाबूजी, सावरी हाताले गोड लागते, पाठीची दुश्मन हाय. माणूस तिच्यात बुडते आन सकाळी वाकडा उठते."

"मग काय घ्यावं?"

"गावरानी कापूस घ्या. अर्धा नवा, अर्धा जुना. नवा उचलते, जुना धरते. आन भरता भरता आडवं होऊन दाखवा मले. मी बाजूनं पाह्यतो. कमरीखालून उजेड दिसला का गादी खोटी."

मला हे पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर काम सुरू झालं. धुनकीचा तो आवाज, सगळीकडे उडणारे तंतू... मी निघताना सांगून गेलो, दुपारी येतो, तेव्हा माप घ्या.

दुपारी मी एकटा आलो नाही. आमच्या शिरस्तेदारांनाही गादी करायची होती, म्हणून त्यांना दाखवायला आणलं. माझी बढती त्यांच्या हातात होती, हेही खरं. आम्ही अंगणात आलो आणि पाहिलं — ओसरीवर ती अर्धवट शिवलेली गादी पसरलेली, आणि तिच्यावर आत्या झोपलेली. डाव्या कुशीवर, गुडघे जवळ घेतलेले, एक हात लांब पसरलेला. गाढ झोप. कादरभाई चार हात लांब उकिडवे बसून कापूस निवडत होते, आवाज न करता.

शिरस्तेदार हसले. "वा! तुमच्याकडे सुधारणा बरीच झालेली दिसते."

मी तिथूनच ओरडलो, "आत्या! ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

ती दचकून उठली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मी सोताहून नाही झोपली रे बापू. कादरभाऊ म्हणे उजेड पाहाले कोणी आडवं व्हा लागते. तुही आन माही उंची सारखीच. तुले कचेरी, म्हणून म्या माप देलं. डोळा कधी लागला, समजलंच नाही मले."

"या वयात गादीचे डोहाळे लागले का तुला?" मी म्हणालो. शिरस्तेदारांसमोर. आणि कादरभाईंकडे वळून, "रिकामी करा ती. सगळा कापूस पुन्हा पिंजा."

पौषातली थंडी, आत्या विहिरीवर गेली आणि गार पाण्याने अंघोळ करून आली. शिरस्तेदार गेल्यावर कादरभाई हळूच म्हणाले, "बाबूजी, बाईच्या कमरीखालून इतका उजेड दिसत होता का माहा हात गेला असता. तेवढा कापूस भरला, तं झोप लागली तिले. गुन्हा काई नाही झाला." संध्याकाळपर्यंत त्यांनी गादी उसवून, कापूस नव्याने पिंजून, माझ्या मापाने भरून दिली.

चैत्रात आत्याला ताप आला. पाचव्या दिवशी तिला कूस बदलता येईना. दिवस भरत आलेली यमुना मला आत घेऊन गेली. "त्यांना गादीवर घेऊ. जमीन टोचते त्यांना." ओसरीवर चार माणसं बसली होती. मी तिकडे पाहिलं आणि म्हणालो, "राहू दे." दुसऱ्या दिवशी आत्या घोंगडीवरच गेली.

आता खरा मजकूर.

तेरावा झाल्यावर साधारण आठवड्याने यमुनेने मला पलंगाजवळ बोलावलं. गादीच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात खळगा पडला होता. आम्ही दोघंही तिथे निजत नव्हतो. मी अलीकडे, ती खाली मुलीजवळ — हो, त्याच महिन्यात मुलगी झाली. मी म्हटलं, कापूस बसला असेल. गादी झोडपली, उलटली. दुसऱ्या सकाळी खळगा वरच्या बाजूला, त्याच जागी. पलंगाच्या नवारी पाहिल्या, ताणून बांधल्या. उंदीर म्हणावं तर कापड कुठे कुरतडलेलं नाही. ओल म्हणावी तर वैशाख.

मग यमुनेच्या भावाची मुंज निघाली. चादर घट्ट खोचून, खोलीला कुलूप लावून आम्ही चिखलीला गेलो. तीन दिवसांनी परत आलो. कुलूप मी स्वतः उघडलं. चादरीला सुरकुती नव्हती, पण तिच्याखाली खळगा होता. आणि आता त्याचा आकार नीट कळत होता. खांदा, कंबर, जवळ घेतलेले गुडघे... आणि पुढे लांब पसरलेल्या हाताची एक चर.

यमुना उंबऱ्यातच उभी राहिली. "अहो," एवढंच म्हणाली.

कादरभाईंना बोलावलं. काही न सांगता गादी पुढे टाकली. त्यांनी ती उसवली, खळग्यातला कापूस आणि बाकीचा कापूस दोन हातांत घेऊन दाबून पाहिला. दोन्ही सारखेच फुललेले. कुठे दबलेला नाही.

"कापसाले याद नसते बाबूजी," शेवटी म्हणाले. "एकदा धुनकीखाली गेला का सारं इसरते. म्हणून तं आमचा धंदा चालते. हे काम कापसाचं नाही." जरा थांबून म्हणाले, "माप बाईचं हाय. त्या दिवशी म्याच भरलं होतं."

त्यांनी सगळं पुन्हा पिंजलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी खळगा होता.

गादी देऊन टाकावी, जाळावी, असं मनात आलं. हात धजला नाही. मी खाली सतरंजीवर निजू लागलो. पाठ अशी झाली की कचेरीत खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागे. एका रविवारी सकाळी यमुना मुलीला घेऊन देवळात गेली होती. मला उभं राहवेना. खोलीत भिंतीला धरत आलो आणि पलंगावर जे कोसळलो ते नेमका त्या खळग्यात.

अंग आपोआप डाव्या कुशीवर वळलं. गुडघे त्यांच्या जागी गेले. त्या चरीवर मान टेकली... आणि मला आठवलं. लहानपणी अमडापूरला मी तिच्या घोंगडीवर असाच निजायचो, तिच्या हातावर डोकं ठेवून. तो हात ती माझ्यासाठी पसरायची. रात्रभर काढून घ्यायची नाही.

मी रडलो. खूप रडलो. आणि रडता रडता झोप लागली, वर्षभरात लागली नव्हती अशी.

जाग आली तेव्हा यमुना पलंगाशेजारी वाकून बाजूने पाहत होती. खिडकीतून उन्हं येत होती. म्हणाली, "तुमच्या कमरेखालून उजेड दिसत नाही कुठेच."

त्या दिवसापासून पाठ दुखलेली नाही. कुलूपबंद खोलीत गादीवर माप कोण देऊन गेलं, पिंजलेला कापूस पुन्हा पुन्हा त्याच आकारात कसा बसतो, मला सांगता येत नाही. कादरभाईंनाही आलं नाही. कोणा वाचकाला येत असेल तर कळवावं.

मी अजून त्याच खळग्यात निजतो. शहाण्या माणसाने त्या जागी निजू नये, हे मला कळतं. रोज आडवं होताना वाटतं, आता कोणीतरी येईल आणि चारचौघांत म्हणेल, ऊठ. अजून कोणी म्हटलेलं नाही.