नटाने हात लावलेला शर्ट

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आज सकाळी आमच्या दुर्गाघाटावर टीव्हीवरच्या एका हिंदी गुन्हेगारी मालिकेचं शूटिंग होतं. तिचा नायक बेपत्ता माणसाच्या वस्तूला हात लावून त्याचं काय झालं ते सांगतो. त्याला ही शक्ती नकोशी असते. म्हणून दर वेळी तो आधी नाही म्हणतो, आणि कुणी फारच रडलं की तयार होतो.

शेजारच्या शोभाकाकू ही मालिका कधी चुकवत नाहीत. त्यांचा मुलगा घर सोडून गेला त्याला बारा वर्षं झाली, काही पत्ता नाही. शास्त्राप्रमाणे आता दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी करायचे असतात. त्यांचा भटजी मीच. महत्प्रयासाने काकूंना तयार केलं होतं, विधी उद्याच होता.

आज काकू मुलाचा शर्ट घेऊन थेट नायकाचं काम करणाऱ्या नटासमोर उभ्या राहिल्या. तो हात जोडून म्हणाला, "माताजी, मैं तो बस एक्टर हूँ."

मी काकूंना मागे घ्यायला गेलो, तर मलाच म्हणाल्या, "थांब रे, तो आधी नाहीच म्हणतो."

शूटिंग खोळंबलं. दिग्दर्शक नटाच्या कानात काहीतरी बोलला. नटाने डोळे मिटले, शर्टाला हात लावला आणि म्हणाला, "ज़िंदा है. अब घर जाइए." युनिटने टाळ्या वाजवल्या!

दुपारी ते सामान आवरून पुढच्या शूटिंगला नदीपलीकडे रामनगरला गेले. इकडे काकूंनी विधी रद्द केला. शर्ट धुऊन वाळत घातलाय आणि मला विचारतायत, "आता अंग भरलं असेल त्याचं. होईल ना रे हा त्याला?"

सांगा, काय उत्तर देऊ?