सतरा नंबरचा बोर्ड

अकरा वर्षं मी नांदेडला वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. भुताखेताची बातमी आली की तिच्यावर पहिली कात्री माझी चालायची. असल्या गोष्टींवर माझा आजही विश्वास नाही. म्हणून घडलं तेवढंच लिहितो आहे.

आवृत्ती बंद पडल्यावर मी विष्णुपुरीजवळच्या एका छोट्या कंपनीत लागलो. गावोगावच्या पाणीयोजनांच्या मोटारींना कंट्रोल बोर्ड बसवायचे आणि ऑफिसातून ते सांभाळायचे, हे काम. माऊस नाही, चित्रं नाहीत... काळी स्क्रीन, बोर्डाचा नंबर आणि कमांड. 'स्टार्ट' टाईप केलं की शंभर किलोमीटरवरची मोटार सुरू.

दुष्काळाचं वर्ष होतं. उदगीर वेगळा जिल्हा होणार, अशी चर्चा पुन्हा चालू होती. त्याच तालुक्यातल्या एका गावी आमचा सतरा नंबरचा बोर्ड होता. विहिरीत जेमतेम कंबरभर पाणी. पंप सांभाळणारे शिवलिंगअप्पा साठीचे. रोज सकाळी ते खाली उतरून मोटारीभोवतीचा गाळ काढायचे आणि त्यांची सून रुक्मीण वरून टोपल्या ओढायची. केबलला जागोजागी चिकटपट्ट्या होत्या. पण बाराच्या आत लाईट यायचीच नाही, त्यामुळे भीती नव्हती.

त्या दिवशी वेळ बदलली. लाईट अकराला येणार, तीही दोनच तास, असा निरोप आला. मोटार चालली नाही तर गावाची टाकी कोरडी राहणार. अप्पांना कळवायचं माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा वाजून चार मिनिटांनी मी स्टार्ट टाईप केलं.

उत्तर आलं — जागेवरून लॉक केलेलं आहे.

पुन्हा टाईप केलं. तेच. लॉक काढायची कमांड दिली, तीही नाकारली गेली. वैतागून अप्पांना फोन लावला. रुक्मीणनं उचलला. मोटार चालू होत नाही, म्हणून मी तक्रार केली.

"मामा हिरीत हायत, साहेब. पॅनलला त्यांचा टॉवेल हाय की. दिसंना का तुमाला?"

मी कीबोर्डवरून हात काढला.

तिकडची रीत अशी, की विहिरीत माणूस उतरला की पॅनलच्या दांडीला टॉवेल बांधायचा. तो असेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. बोर्ड बसवताना हे आम्ही विचारलं नव्हतं. त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं — टॉवेल तर सगळ्यांनाच दिसतो.

पंधरा मिनिटांनी अप्पांचा फोन आला. "आलो वर. करा चालू." एका कमांडमध्ये मोटार सुरू झाली. मी नोंदी उघडल्या; लाईट नसली तरी बोर्ड बॅटरीवर त्या ठेवतो. लॉक लागलं दहा बेचाळीसला, निघालं अकरा एकोणीसला. अप्पांचा फोन अकरा वीसचा होता.

आमचा टेक्निशियन वाजिद दुसऱ्या दिवशी गावी गेला. जागेवरून लॉक लावायला बोर्डाच्या दोन स्क्रूंना स्विचची वायर जोडावी लागते. दोन्ही स्क्रू मोकळे होते, वर धूळ. ती वायर त्या बोर्डाला आम्ही कधी जोडलीच नव्हती. त्यानं फोटो पाठवला आणि फोन केला. "भाई, पेपरवाल्यांना झोपेत पण मसाला लागतो का? मोकळ्या स्क्रूला लॉक लागत न्हाई." मी त्याला नोंदी वाचून दाखवल्या. त्यानं टॉवेल बांधून पाहिला, सोडून पाहिला. मी इकडून वीस वेळा स्टार्ट दिलं. वीसही वेळा मोटार सुरू झाली.

कंपनीनं बोर्ड बदलायला सांगितलं. वाजिदनं नवा बोर्ड आणि स्विच दोन्ही नेले. पॅनल उघडायला गेला तर रुक्मीण पुढे येऊन उभी राहिली.

"स्विच लावा. ह्ये मात्र नेऊ नका. नव्याला कोन सांगनार, मामा खाली हायत म्हनून?"

वाजिदनं स्विच जोडला आणि नवा बोर्ड खोक्यातूनच परत आणला.

तपासणीच्या अहवालात 'कारण' हा रकाना होता. तो मी कोरा पाठवला.