टाकीखालचं ओलं गोणपाट

माझ्या तोंडाला कुलूप नाही, नांदेडात कुणालाही विचारा. वर्कशॉपात चहाला बसलेल्या माणसाला मी अर्ध्या तासात माझ्या लग्नापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. पण ही एक गोष्ट — ही बायकोलासुद्धा सांगितली नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय मधेच 'जाऊ द्या हो मिस्त्री' असं तुम्ही म्हणणार नाही.

आधी नावेचं सांगू द्या. ते सांगताना मला आजही चेव येतो — काय करू?

लातूर जिल्हा नवा झाला होता. जिकडे तिकडे ओल्या रंगाच्या पाट्या, नव्या जीपा, नवे साहेब. आणि त्या नवलाईतच दुष्काळ येऊन बसला. औशाकडच्या एका तलावाचं पाणी हटत हटत पार मधोमध गेलं. मग ठरलं, गावाला पाणी देणारा पंप तराफ्यावर ठेवायचा आणि पाणी हटेल तसा तो तराफा आत ओढत न्यायचा. ओढायला इंजिनाची नाव पाहिजे. आणि ती करायचं काम कुणाला मिळालं? मला! अहो, मी टँकर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा माणूस. नाव पाहिली ती गोदावरीच्या घाटावर बसून, तेवढीच. पण मी नाही म्हणतो का? घरी जाऊन बायकोला म्हटलं, 'अगं, नाव करून राहिलो मी, नाव!' तिनं कपाळाला हात लावला.

ट्रकवर नाव चढवून आम्ही निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर — जिथं बघावं तिथं माणसं रस्त्यावर! दुष्काळात नाव चालली म्हटल्यावर काय? एका फाट्यावर एक म्हातारा ट्रकसमोरच उभा राहिला. 'आरं, नाव आणलीस, पाणी बी आणलंस का?' मी वरून ओरडलो, 'मागच्या ट्रकात हाय!' हसून हसून पुरेवाट झाली. आयुष्यात इतका खूश मी पुन्हा कधी झालो नाही, खरं सांगतो.

आता टाकीकडे येतो. येतो येतो म्हणतो आणि येत नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल.

डिझेलची टाकी पत्र्याची. वेल्डिंग माझ्या हातचं, एक थेंब गळत नव्हता. ती नावेच्या तळाच्या फळ्यांवर बसवायची होती. नुसती ठेवली तर खडखडते, म्हणून खाली चार पदरी गोणपाट घातलं. आणि ऊन असं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा. आपल्याकडे रांजण थंड ठेवायला काय करतात? ओलं गोणपाट गुंडाळतात. माझ्या आईनं केलं, तुमच्याही आईनं केलं असेल. मला वाटलं, पाणी थंड राहतं तर डिझेल का राहणार नाही? खालचं गोणपाट तसंच बाजूंनी वर घेतलं आणि टाकी अर्ध्यापर्यंत गुंडाळून टाकली. काय डोकं चालवलं म्हणून माझा मीच खूश!

नाव चालवायला उत्तम नावाचा गडी होता. काठच्याच गावातल्या बौद्ध वस्तीतला. पोहण्यात पटाईत, आणि इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. होता रोजंदारीवर, पण काम नीट केलं तर कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. त्याच्या घरात ती पहिली सरकारी नोकरी झाली असती. पहिल्या दिवशी त्याची बायको नवं लुगडं नेसून काठावर बघायला आली होती.

त्याला मी सांगितलं — अक्षर न् अक्षर पाठ आहे मला — 'उत्तम, रोज सकाळ-दुपार गोणपाटावर डबाभर पाणी मारत जा. सुकू देऊ नको.'

तो जरा घुटमळला. 'मिस्त्री, खाली वल धरून ऱ्हाईल की. पत्रा सडंल न्हाई का?'

'मिस्त्री तू का मी?' मी म्हटलं. सगळे हसले. तोही हसला. आणि त्यानं पाणी मारलं. रोज, दोन वेळा, एका दिवसाचाही खाडा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात टाकी खालून फुटली. डिझेल सगळं तळात, नाव मधोमध बंद, तराफा गाळात रुतलेला. गावाला चार दिवस पाणी नाही. बायका रिकाम्या घागरी घेऊन पाणीपुरवठ्याच्या ऑफिसवर चालून गेल्या. साहेब तापले आणि मला नांदेडहून बोलावणं आलं.

टाकी मीच उचलली. वरचा रंग नव्यासारखा! आणि खाली, जिथं जिथं गोणपाट चिकटलं होतं, तिथं तिथं पत्रा पापडासारखा झालेला. बोट लावलं, आरपार गेलं. आणि मला त्या वेळी काय वाटलं असेल? लाज? छे! आनंद झाला! कारण सगळं एकदम समजलं. अरे, टाकीला खालून वारा पाहिजे! उचलून बसवायची, ओल न पिणाऱ्या रबराच्या पट्ट्यांवर. पट्ट्याही पत्र्याला पक्क्या चिकटवायच्या, मधे पाणी शिरायला फट नको. जरा उतार द्यायचा, म्हणजे वर पडलेलं पाणी निथळून जाईल. आणि आतलं गाळ-पाणी काढायला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तोटी. एवढं सोपं! मी ते साहेबांना सांगायला वळलोसुद्धा होतो.

तर साहेब उत्तमला विचारत होते, टाकीवर पाणी कोण ओतत होतं.

'मीच, साहेब. मिस्त्रीनं सांगितलं व्हतं.'

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काय बोलायचं होतं मला? 'हाव साहेब, मीच सांगितलं.' चार शब्द. फार तर शिव्या बसल्या असत्या, पुढचं काम गेलं असतं.

मी म्हटलं, 'पत्र्यावर पाणी मारायला सांगायला मी काय येडा आहे का, साहेब?'

साहेबांनी माझा शब्द खरा धरला, त्याचा नाही. का, ते तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको. आणि ते बोलताना — बोलताना ते मला माहीत होतं. त्याच भरवशावर बोललो मी. हे वाक्य लिहायचं म्हणून तर एवढी नाव फिरवली तुमच्यापुढं.

उत्तमला त्याच दिवशी काढलं. तो भांडला नाही, पाण्याचा डबा तिथंच ठेवून चालू लागला.

नवी टाकी मीच बसवली, रबरावर, उतार देऊन. ती पुढं कधी गळली नाही. माझं नाव झालं! टाकी बसवावी तर याच मिस्त्रीनं, असं लोक म्हणायला लागले. आणि नव्या कारागिराला शिकवताना मी काय सांगायचो? 'एक येडा नावाडी होता बघ, टाकीला रोज आंघोळ घालायचा!' तो हसायचा. मीही हसायचो. किती वर्षं हसलो!

मग एकदा औशाच्या बसस्टँडवर तो दिसला. मी तोंड फिरवलं, पण त्यानंच हाक मारली. केस पांढरे, हात वीटभट्टीवर काम करून फुटलेले. राग म्हणून नाही. चहा त्यानंच पाजला. मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, 'मिस्त्री, येक इचारू? पाणी मारायचं तुमीच सांगितलं व्हतं ना? घरची म्हणती, येवढा मोठा मिस्त्री कशाला खोटं बोलंल. आता मला बी वाटून राहिलं, म्याच माझ्या मनानं मारलं का काय?'

त्याला नोकरी मागायची नव्हती. भांडायचंही नव्हतं. तिथं साहेब नव्हते, ओळखीचं कुणीच नव्हतं. हो म्हटलं असतं तर माझं काहीच जाणार नव्हतं.

मी म्हटलं, 'लई वर्षं झाली, उत्तम. आता आठवत न्हाई.'

त्यानं मान हलवली. 'मंग म्याच मारलं आसंल,' म्हणाला. गाडी लागली, तो चढून गेला.

मला आठवत होतं. सांगितलं होतं मीच.