एकटीचा ग्रुप

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मी तिच्यावर जळत होते. थोडंसं वाईट वाटणं वगैरे नाही, चांगलं सणसणीत जळणं. ती सकाळी ‘ताई, आले हं’ म्हणत आत आली की माझ्या चहाची चव जायची.

जळगावात ठिबकचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी वीस वर्षं शेतांचे नकाशे काढते आहे. शेतकरी सातबारा आणि मापं घेऊन येतो, आणि मोठा पाइप कुठून न्यायचा, नळ्या किती अंतरावर टाकायच्या, गाळणी कोणती लावायची हे मी त्याला कागदावर मांडून देते. माझ्याकडे धुळ्याच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. ती आली होती अनुदानाचे ऑनलाइन अर्ज भरायला. माहेर दोंडाईच्याकडचं, सासर जळगावचं, शिक्षण बी. ए. आमच्या कामाशी तिचा संबंध एवढाच, की माझे नकाशे स्कॅन करून ती अर्जाला जोडायची.

मग दिवाळी पाडव्याच्या पूजेला शेठजींनी पेढा हातावर ठेवता ठेवता सांगितलं, की धुळ्याला दुसरं दुकान काढायचंय आणि तिथे नकाशे काढणारं एक भरवशाचं माणूस बसवायचंय. माझी आई धुळ्यात एकटी असते. शनिवारी संध्याकाळी एसटी धरायची, रविवारी तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून परत फिरायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं. ते धुळ्याचं दुकान माझंच होतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की ती माझे नकाशे नुसते स्कॅन करत नाही, वाचते. एकदा म्हणाली, “ताई, ह्या शेतात मोठ्या पाइपचा फाटा मधूनच का काढला?” मी म्हटलं, “पद्धत आहे तशी.” दुसऱ्या दिवशी ती कारण शोधूनच आली. मधून काढला की दोन्हीकडच्या नळ्या आखूड राहतात, टोकापर्यंत दाब टिकतो. मला ते ठाऊक होतंच. पण तिला ते मी न सांगता कळलं, याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कुठून शिकते म्हणून विचारलं, तर तिने आनंदाने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा कृषी विद्यापीठाची फुकटातली व्याख्यानं, हिंदीत बडबडणाऱ्या कुणा मिस्त्रीचे व्हिडिओ, इंग्रजी पानं मराठी करून देणारं ॲप, दाब काढायची एक तयार शीट. आणि या सगळ्यावर तिचा स्वतःचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. भावाला घेऊन ग्रुप काढला आणि लगेच भावाला काढून टाकलं. आत राहिली ती एकटी. नाव ‘मनी शाळा’, अहिराणीत ‘माझी शाळा’. दिवसभरात जे शिकली ते संध्याकाळी रिक्षाच्या थांब्यावर उभी राहून त्यात बोलून ठेवायची आणि सकाळी भाकरी थापताना ऐकायची. मी हसले. एकटीचा कुठे ग्रुप असतो का?

हसले खरी, आणि त्याच आठवड्यात तिची सगळी ॲपं माझ्या मोबाइलवर उतरवून घेतली. चार कोर्सला नाव घातलं. चौदा व्हिडिओ ‘नंतर पाहू’मध्ये टाकले. रंगीत फोल्डर केले, वही आणली, वहीला कव्हर घातलं. पहिल्या व्याख्यानाला साडेसहा मिनिटांनी मला भाजी आणायची आठवण झाली. त्यानंतर ते ॲप रोज सकाळी मला विचारायचं, आज शिकायचं ना? घरचं कमी होतं म्हणून की काय, आता मोबाइलही टोमणे मारू लागला. आठवड्याभरात मी ते काढून टाकलं आणि नेटलाच शिव्या दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं.

मग मी दुसरा रस्ता धरला. रोज एक प्रश्न. तोही ती आणि मी असताना नाही, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. “काय गं, तू शिकतेस ना? मग सांग, विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी, गाळणी एकच चालेल का?” ती गडबडायची, लाल व्हायची, म्हणायची, “माहीत नाही ताई. उद्या सांगते.” शेतकरी माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर माझा दिवस छान जायचा. दुसऱ्या दिवशी ती यायची आणि सांगायची, की विहिरीत शेवाळ असतं म्हणून वाळूची गाळणी, बोअरला रेती येते म्हणून ती वेगळी करणारी. मी “हं” म्हणायचे आणि नवा प्रश्न काढायचे. केळीचा, कपाशीचा, टोकाच्या नळीला पाणी का पोचत नाही याचा. वीस वर्षांत साठवलेलं सगळं मी तिला अडवण्यासाठी एकेक करून बाहेर काढलं.

माघात शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, धुळ्याचं काय करू? ती पोरगीपण म्हणते, मला जमेल.” मी म्हटलं, “शेठजी, तिचं सगळं ज्ञान मोबाइलचं. समोर बसवून विचारून बघा. अडते.”

त्यांनी विचारलं. दुपारी सोनगीरचे एक नाना आले होते, शेत किल्ल्याच्या बाजूचं, चांगलंच उताराचं. शेठजींनी तिला बसवलं आणि विचारलं, नळ्या कशा टाकशील? ती म्हणाली, नळ्या उताराला आडव्या, फाटा उतारासोबत, नाहीतर खालच्या झाडांना जास्त आणि वरच्यांना कमी. विहीर आहे का नाना? मग वाळूची गाळणी लागेल. टोक किती लांब? मग फाटा मधून काढू. ती धडाधड बोलत गेली आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. नाना म्हणाले, “पोरले बठ्ठं समजस.” पोरीला सगळं समजतं म्हणे. शेठजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

धुळं तिला मिळालं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “जाऊ दे, शनिवार शे ना आपला.” मला ते जाऊ देता येईना. नवऱ्यासकट ती बिऱ्हाड हलवणार होती, मी तिच्या निरोपाच्या कचोऱ्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

ती गेल्यानंतरच्या सोमवारी तिचा कॉम्प्युटर मी माझ्याकडे घ्यायला लावला. सुरू केला तर तिचं व्हॉट्सॲप उघडंच. बंद करायला हवं होतं. पण आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं बघावं वाकून, ही खोड मला लहानपणापासूनची. मी कानाला हेडफोन लावला आणि ‘मनी शाळा’ उघडली.

मागे रिक्षांचा आवाज, आणि तिचा. “आज ताईनी इचारं, हिरनं पानी आनी बोरनं पानी, गाळनी एकच चाली का? माले उनं नई. आते देखं. आयका…” पुढचा. “आज ताईनी इचारं, उतारवर नळी कशी टाकानी?” त्याच्या पुढचा. “आज ताईनी इचारं…” मी वर वर जात राहिले. एकही निरोप वेगळ्या शब्दांनी सुरू होत नव्हता. तिने व्याख्यानं पाहिली, मिस्त्रीचे व्हिडिओ पाहिले, शीट वापरली, पण आज काय शिकायचं हे रोज मी ठरवून दिलं होतं. ज्या शाळेत शिकून, धडाधड उत्तरं देऊन ती धुळ्याला गेली, त्या शाळेचा अभ्यासक्रम माझ्या पोटदुखीतून तयार झाला होता. मला तिचा राग आला, मग माझा आला. मग परत तिचाच आला.

शेवटचा निरोप शनिवारचा होता. एसटी स्टँडचा गलका आणि त्यात ती, “सामान गयं. मी बी निंघनू. आते तठे माले कोन इचारी?”

मी हेडफोन काढून ठेवला. मग परत लावला. विचारायला मीच होते की. चांगला अवघड प्रश्न टाकावा, तिथे धुळ्यात बसल्या बसल्या घाम फुटावा असा. गाळणीचा झाला होता. उताराचा झाला होता. केळी, कपाशी, टोकाची नळी, सगळे झाले होते. मला येत असलेलं एकूण एक त्या यादीत होतं, तिच्या आवाजात. राहिलं होतं ते फक्त एक, ज्याला वीस वर्षं मी ‘कंपनीला विचारून सांगते’ म्हणत टोलवत आले होते.

समोर एक शेतकरी सातबारा घेऊन बसला होता. त्याच्यादेखत मी तिच्याच ग्रुपवर माइकचं बटण दाबलं, आणि कामावर कधी न बोललेल्या माझ्या घरच्या बोलीत म्हटलं, “दोन हिरीस्नं पानी एकच पाइपले जोडं, तं दाब कसा धराना? माले येत नई.”