फ्रेमवरचं कुंकू

काल खंडेनवमी. वाळूजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनला हार घालत होते आणि फोनवर अबेनाचा फोटो आला... बघितला आणि हार हातात धरून हसतच सुटले.

अबेना घानाची इंजिनिअर. छोटे उपग्रह विकत न घेता आपल्याच देशात बनवता यावेत म्हणून एका आंतरराष्ट्रीय योजनेतून आमच्याकडे शिकायला आली होती. इथल्याच मशीनवर तिनं स्वतःच्या हातानं पहिल्या उपग्रहाची ॲल्युमिनियमची फ्रेम बनवली, जेवणाच्या डब्याएवढी. त्या वर्षी खंडेनवमीच्याच संध्याकाळी ती फ्रेम पेटीत घालून विमानानं चाचणीला जायची होती.

त्या सकाळी आमच्या वर्कशॉपमधले पाचोडचे भागवतकाका हळद-कुंकवाचं ताट घेऊन निघाले. लेथला, ड्रिलला, कॉम्प्युटरला, माझ्या स्कूटीलासुद्धा बोटं लावली... आणि तपासणीच्या टेबलावरच्या फ्रेमलाही! चांगली पाच बोटं.

मी किंचाळलेच. कुंकवाचा एक कण आत राहिला आणि वर अवकाशात जाऊन उपग्रहाच्या कॅमेऱ्याच्या काचेवर बसला, तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

काका बावरले. "मशीनला लावतो, मंग तिच्या पोटच्या लेकराला नाय लावायचं व्हय?"



मग फ्रेम सुटी केली, धुतली, भिंगाखाली पाहिली, पुन्हा धुतली. एका स्क्रूच्या भोकातला लाल ठिपका काही केल्या निघेना... काका जेवलेच नाहीत, दाराशी उभे. शेवटी अबेनानं भिंगातून मान वर केली आणि अंगठा दाखवला. बाहेर येऊन आधी काकांना पेढा भरवला.

पेटी वेळेत गेली. पुढं तो उपग्रह वरही गेला आणि झकास फोटो पाठवायला लागला.

आणि कालचा फोटो... घानातल्या अक्रामधल्या नव्या वर्कशॉपमध्ये अबेनाचं मशीन, त्यावर झेंडू (तिकडं कुठून मिळवला देव जाणे!) आणि हळद-कुंकू. शेजारी काचेच्या झाकणाखाली दुसऱ्या उपग्रहाची फ्रेम, या वेळी तिच्या टीमनं तिथंच बनवलेली. झाकणावर वाकड्यातिकड्या देवनागरीत चिठ्ठी... "काका, इथं नाही!"

काकांना दाखवला. हसले, मग डोळे पुसले. "फ्रेमला नाय तर नाय... पोरीनं सोताच्या कपाळाला लावलं का, इचारा की."

विचारलं. लगेच सेल्फी आला... लावलं होतं!

आपल्याकडून कुणी एवढं शिकून जावं आणि जाताना आपलं एवढं घेऊनही जावं... फार बरं वाटलं हो.